दोन रिले आणि एकच घड्याळ

माझं काम रिलेला, म्हणजे विजेच्या लाइनवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राला, खोटं सांगण्याचं. लाइनवर काहीही झालेलं नसताना तिच्यावर झाड पडलंय, तार तुटून मातीत लोळतेय, असं त्याला पटवून द्यायचं. मग त्याने ते किती वेळात ओळखलं आणि ब्रेकर उघडून वीज तोडायला किती वेळात सांगितलं, हे मोजायचं. त्यासाठी तीस किलोची एक पेटी गाडीत टाकून मी बुलढाणा जिल्हाभर फिरते, घाटावर आणि घाटाखाली, जिथे जिथे मोठी उपकेंद्रं आहेत तिथे. पेटीच्या वायरी रिलेच्या पाठीला जोडायच्या, लॅपटॉपवरून खोटा करंट सोडायचा आणि बघत बसायचं. पापणी लवायच्या आत रिलेचा निर्णय झालेला असतो. आईला मी हे सगळं पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे राखनदाराले झोप लागली का नाई थे पाहाले चोर बनून जाची नोकरी." आमच्या प्रशिक्षणात इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

त्या नोकरीत माझ्या हातून एका माणसाचं जे झालं ते मला सांगायचं आहे. उपकेंद्राचं नाव सांगत नाही. घाटाखालचं आहे, एवढं पुरे.

तिथे एका मोठ्या लाइनवर दोन नवे डिजिटल रिले बसवले होते, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. जुना, फिरत्या चकतीचा रिलेही सोबत ठेवला होता. मुख्यालयाला बघायचं होतं की दोन नव्यांपैकी कोणता सरस, म्हणजे पुढे जिल्ह्यात सगळीकडे तोच घेता येईल. सहा महिने दोघांना एकाच लाइनवर ठेवायचं, दर महिन्याला खोटे दोष देऊन तपासायचं, खरा दोष आला तर दोघांनी काय नोंदवलं ते शेजारी शेजारी मांडायचं. हे काम माझ्याकडे आलं आणि मी हवेत गेले. टेस्टिंगमध्ये मी एकटी बाई होते. एरवी 'मॅडमला पेटी उचलता येईल का' याच्यावरच चर्चा चालायची. आता मुख्यालयातून थेट मला फोन येत होते.

तिथले सर्वांत जुने ऑपरेटर म्हणजे काका. सगळेच त्यांना काका म्हणत, साहेबसुद्धा. ऑपरेटरचं काम पॅनलसमोर बसून आकडे बघण्याचं, फोनवर निरोप घेण्याचं, ब्रेकर उघडण्या-लावण्याचं आणि हे सगळं वेळेसकट लॉगबुकात लिहिण्याचं. काकांचं अक्षर छापल्यासारखं होतं. तीस वर्षांत त्यांच्या पानावर खाडाखोड नव्हती. नवा ऑपरेटर आला की साहेब त्याला आधी काकांची जुनी लॉगबुकं वाचायला बसवत. काका मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांशी जुळवत आणि मग त्यावरून कंट्रोल रूमच्या भिंतीवरचं घड्याळ लावत, स्टुलावर चढून.

एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं होतं की त्यांचे वडील गावकामगार होते. गावातल्या कुणाचाही कागद या वाड्यातून त्या वाड्यात पोचवायचे, पण त्यात काय लिहिलंय हे त्यांना आयुष्यभर कधी कळलं नाही. मुलगा सरकारी वहीत स्वतःच्या हाताने लिहितो आणि खाली सही करतो, याचं त्यांना मरेपर्यंत कौतुक होतं. काका हे सांगताना हसत होते. मी लॅपटॉपकडे बघत 'हो का' म्हटलं असणार. तेव्हा मी बहुतेक गोष्टींना 'हो का' म्हणत असे.

ऑपरेटर लोकांची एक पद्धत होती आणि तिच्यावर माझा राग होता. लाइन ट्रिप झाली, म्हणजे दोषामुळे आपोआप बंद पडली, की दोन्ही टोकांचे ऑपरेटर एकमेकांना फोन करून वेळ जुळवून घेत. 'तुमच्याकडे किती वाजले? माझ्याकडे बत्तीस. मंग बत्तीसच लिवतो.' याला ते टॅली करणं म्हणत. दोन गावांची घड्याळं वेगळी चालतात, उद्या चौकशीत एका लाइनच्या दोन वेळा निघाल्या तर कुणाचीच धड राहणार नाही, म्हणून निघालेली ही पद्धत. पण मी पुण्यात शिकून आलेली. मला वाटायचं, ही सरळसरळ कॉपी आहे. दोन साक्षीदारांनी कोर्टाबाहेर बसून साक्ष ठरवायची आणि आत जाऊन सांगायची, तशातली गत. मी हे बोलून दाखवत असे, तेही शुद्ध भाषेत. हॉस्टेलमधल्या मुली माझ्या वऱ्हाडी 'काऊन'ला हसल्या होत्या. तेव्हापासून मी ते बोलणं धामणगाव बढेच्या घरापुरतं ठेवलं होतं. नाकाने कांदे सोलायचे तर भाषाही तशी लागते.

डिजिटल रिलेला स्वतःचं घड्याळ असतं. ते उपग्रहाकडून येणाऱ्या वेळेशी जोडलेलं असतं आणि त्यासाठी कंट्रोल रूमच्या गच्चीवर एक छोटा अँटेना बसवतात. आमचा अँटेना वानरांनी उपटला. काळ्या तोंडाची टोळीच होती ती, सातपुड्याकडून खाली आलेली. केबल दातांनी सोललेली, अँटेनाची टोपी यार्डातल्या खडीत पडलेली. नवा मागवला, तर तो कागदोपत्री फिरत राहिला. तोवर काय करायचं? एप्रिलच्या टेस्टिंगच्या वेळी मी दोन्ही रिलेंची घड्याळं हाताने लावली. म्हणजे लॅपटॉप जोडला, 'वेळ पाठवा' असं बटण असतं ते दाबलं, आधी एका रिलेला, मग दुसऱ्याला. दहा सेकंदांचं काम. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. काका तेव्हा तिथेच खुर्चीत बसले होते.

तो लॅपटॉप जुना होता. रिलेचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नसे, म्हणून तो टेस्टिंगपुरता जपून ठेवलेला, इंटरनेटला कधी न लागणारा. त्याच्या आतला सेल मरायला टेकला होता आणि त्याचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं. ही गोष्ट मला माहीत नव्हती. पण माहीत करून घेणं हेच माझं काम होतं, आणि ते मी केलं नाही.

मेमधल्या एका दुपारी लाइनीखालच्या शेतात कुणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. धूर तारांपर्यंत चढला आणि लाइन ट्रिप झाली. काका ड्यूटीवर होते. लाइन अशी गेली की ऑपरेटरने आपल्या मनाने ब्रेकर लावायचा नसतो. लोड डिस्पॅचला, म्हणजे कुठली लाइन कधी चालू ठेवायची ते ठरवणाऱ्या केंद्राला, फोन करायचा, त्यांनी दोन्हीकडची चौकशी करून निरोप दिला की मग लावायचा. कारण मधल्या काळात तारेला कुणाचा हात लागलेला असू शकतो. काकांनी फोन केला, निरोप आला, ब्रेकर लावला. लावल्या क्षणी यार्डातली एक सीटी फुटली. सीटी म्हणजे करंट मोजणारं माणसापेक्षा उंच, पोर्सेलीनचं यंत्र. तिचे तुकडे कुंपणापर्यंत उडाले. माणूस कुणी जवळ नव्हतं हे नशीब. अर्धा तालुका दोन दिवस अंधारात राहिला आणि चौकशी लागली.

चौकशीचा प्रश्न एकच होता. काकांनी निरोप आल्यावर ब्रेकर लावला की आधी? निरोपानंतर लावला असेल तर त्यांचा काही दोष नव्हता, सीटी जुनी होती, फुटली. आधी लावला असेल तर सगळं त्यांच्यावर. आमच्या उपकेंद्राची माहिती तेव्हा लोड डिस्पॅचच्या पडद्यावर जात नव्हती, त्यामुळे तिकडे फक्त त्यांनी निरोप दिल्याची वेळ होती: दोन एकेचाळीस. काकांच्या वहीत लिहिलं होतं, दोन बत्तीसला ट्रिप, दोन एकेचाळीसला निरोप, दोन त्रेचाळीसला ब्रेकर लावला. साहेबांनी मला सांगितलं, रिलेंमधून काय निघतं ते काढा.

मी दोन्ही रिलेंच्या नोंदी काढल्या. दोन अठ्ठावीसला ट्रिप, दोन एकोणचाळीसला ब्रेकर लागला. म्हणजे निरोपाच्या दोन मिनिटं आधी. दोन्ही रिले, दोन कंपन्यांचे, दोन देशांत बनलेले, एकमेकांशी सेकंदाला सेकंद जुळत होते. मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. सहा महिन्यांच्या तुलनेत असा खरा दोष मिळणं म्हणजे पर्वणी. मी दोन्हींचे आलेख एकाखाली एक छापले आणि अहवालात लिहिलं की दोन स्वतंत्र साधनांनी एकच वेळ नोंदवली आहे, सबब लॉगबुकातील नोंद विश्वासार्ह मानता येत नाही. 'स्वतंत्र' हा शब्द मी लिहिला. त्याच्याखाली रेघही मारली.

साहेबांच्या केबिनमध्ये काकांना बोलावलं. ते लॉगबुक छातीशी धरून आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पलीकडच्या उपकेंद्राच्या वहीतही दोन बत्तीसच लिहिलंय, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, ते असणारच, तुम्ही टॅली करता ना. साहेबांनी मान हलवली. मग काकांनी लॉगबुक माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमी शिकेल हा, तुमीच पाहा. माह्या वहीत बत्तीस ते त्रेचाळीस. किती झाले? अकरा. तुमच्या मशीनीत अठ्ठावीस ते एकोनचाळीस. किती झाले? अकराच. मले खोटं लिवाचं असतं तं मी अकराचे अकरा कायले ठेवले असते?"

 माझं सगळं शिक्षण त्या वाक्यात होतं. दोन मापं जुळत नसतील तर आधी त्यांच्यातला फरक बघायचा. तो फरक सगळीकडे सारखा असेल तर खोट मापणाऱ्यात नसते, ती शून्य कुठे धरलंय त्यात असते. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी ते नव्या मुलांना दरवर्षी शिकवते. काकांनी ते फळ्याशिवाय, खडूशिवाय माझ्यासमोर मांडलं होतं, आणि आता फक्त उठून लॅपटॉपचं घड्याळ बघायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "काका, हे दोन रिले एकमेकांना फोन करून वेळ विचारत नाहीत."

साहेब हसले. मीही हसले. काकांनी लॉगबुक मिटलं आणि ते पुन्हा छातीशी धरून बाहेर गेले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ते काही उगीच नाही. दोन ऑपरेटर एका फोनवरून वेळ घेतात ती लबाडी, आणि माझे दोन रिले एका लॅपटॉपवरून वेळ घेतात तो पुरावा.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी बरीच वर्षं स्वतःलाही विचारली नव्हती. आमचं घर शेतीवाडीचं, गावात मान असलेलं. काका बौद्ध. ऑफिसात याबद्दल कुणी कधी बोलत नसे. पोळ्याला काका आमच्या लोकांची ड्यूटी करत, जयंतीला आमचे लोक त्यांची, सगळं गोडीगुलाबीने चाले. पण काकांच्या जागी आमच्या नात्यातला कुणी असता, किंवा वडिलांच्या ओळखीचा असता, तर त्याने 'अकराच' म्हटल्यावर मी उठून घड्याळ बघितलं असतं का? मला वाटतं, बघितलं असतं. कुणी मला खोटी म्हणत असेल तर म्हणो, मला माझ्याबद्दल आता एवढं कळतं.

ऑगस्टमध्ये नवा अँटेना आला. त्याचं काम करायला मी गेले. केबल जोडली, उपग्रहाची वेळ आली, आणि दोन्ही रिलेंच्या यादीत एकेक ओळ उमटली. घड्याळ सुधारलं, अधिक चार मिनिटं. रिलेची घड्याळं महिन्याला एक-दोन सेकंदांच्या वर चुकत नाहीत. मी लॅपटॉपचा कोपरा बघितला, मग हातातला मोबाइल. लॅपटॉप आता सहा मिनिटं मागे होता. सेल आणखी खचला होता.

मला समजायला काहीच वेळ लागला नाही.  पॅनलला टेकून मी नुसती उभी राहिले. ड्यूटीवरच्या ऑपरेटरने विचारलं, पाणी देऊ का मॅडम. तेव्हा चौकशी संपली होती पण आदेश निघायचा होता. साहेबांच्या टेबलावरची फाइल वर गेली होती, एवढंच. एका पानाची चिठ्ठी पुरली असती. 'रिलेंची वेळ माझ्या हातून चार मिनिटं मागे लावली गेली होती, लॉगबुकातील नोंद बरोबर आहे.' दोन ओळी.

पण आठ दिवसांनी मला मुख्यालयात तुलनेचा अहवाल मांडायचा होता. मोठे अधिकारी, दोन्ही कंपन्यांची माणसं, मोठा पडदा. अहवालाचा कळस म्हणजे तीच मेची दुपार, त्याच दोन आलेखांची पानं. आत्ता चिठ्ठी दिली तर ती पानं काढावी लागणार, कुणीतरी विचारणार की मग बाकीच्या वेळा तरी कशावरून बरोबर, आणि मग 'पेटी उचलता येईल का'वाले गालातल्या गालात हसणार. खरं म्हणजे तुलनेला त्याने काही धक्का लागत नव्हता. कोण किती लवकर ओळखतो हे मिलिसेकंदांत मोजतात, त्याला वाजले किती याच्याशी कर्तव्य नसतं. हे मी चार वाक्यांत समजावू शकले असते. मला भीती प्रश्नांची नव्हती, हसण्याची होती. मी ठरवलं, आधी सादरीकरण होऊ दे, आल्या आल्या चिठ्ठी देते. फाइल वर गेली की महिना-महिना पडून राहते, असा अनुभवही मी स्वतःला सांगितला. त्या आठ दिवसांत मी रोज ती चिठ्ठी मनात लिहिली आणि रोज ती जास्त चांगली होत गेली.

सादरीकरण छान झालं. टाळ्या वाजल्या. ते दोन आलेख मी पडद्यावर दाखवले आणि म्हटलं, बघा, दोन स्वतंत्र साधनं. माझा आवाज जराही कापला नाही.

परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. फाइल पडून राहिली नव्हती. काकांना पॅनलवरून काढलं आणि दुसऱ्या उपकेंद्राच्या स्टोअरमध्ये टाकलं. यापुढे त्यांच्याकडे कुठल्याही लॉगबुकाचं काम देऊ नये, असं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती.

मग मी चिठ्ठी दिली. वरातीमागून घोडं. साहेबांनी ती दोनदा वाचली, दार लावून घेतलं आणि म्हणाले की आता यात कशाला हात घालता, पुन्हा चौकशी लागेल, तुमच्यावर लागेल, माझ्यावर लागेल, ते तसेही दोन वर्षांत घरी जाणार आहेत. चिठ्ठीवर त्यांनी 'नोंद घेतली' असं लिहून ती एका फाइलीत लावली. मी ती पुढे वर पाठवू शकले असते. मला कुणी अडवलं नव्हतं. साहेब नको म्हणाले, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं. तोही म्हणाला, मग तू काय करणार. आम्ही दोघांनी मिळून ते तसं ठरवून टाकलं.

दोन वर्षं मी त्या स्टोअरच्या उपकेंद्रात टेस्टिंगला जायचं टाळलं. जावंच लागलं तेव्हा काका रजेवर होते, किंवा मी तसा दिवस निवडला होता. तिथला एक ऑपरेटर सांगत होता की काका स्टोअरमध्येही एक स्वतःची वही ठेवतात, घरून आणलेली. कोणता ट्रक कधी आला, कधी गेला, सगळं वेळेसकट. कुणी मागत नाही, तरी लिहितात. तो हे गमतीने सांगत होता. मी गाडीत जाऊन बसले.

ते निवृत्त झाल्यावर तीन-चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. शेगावच्या बाहेर, संग्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. दिवाळी होऊन गेली होती, सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. काका अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली, आत बायकोला चहाचं सांगितलं. 'मॅडम' म्हणूनच बोलले. मी बसले आणि गाडीत पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. लॅपटॉप, सेल, चार मिनिटं, दोन्ही रिलेंना मीच लावलेली वेळ. तुमची नोंद बरोबर होती, काका, असं म्हटलं तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला, कारण रडण्याचा हक्क त्यांचा होता.

ते शेंगा सोलतच राहिले. म्हणाले की घड्याळ चुकलंय हे त्यांना त्याच दिवशी समजलं होतं, फक्त कोणाचं ते दाखवून देता येत नव्हतं. मग मी चिठ्ठी दिल्याचं, साहेबांनी ती फाइलीत लावल्याचं सांगितलं. ते त्यांना कुणी कळवलं नव्हतं. सोलायचे थांबले. हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारलं,

"मॅडम, तुमाले समजलं कधी?"

प्रश्न साधा होता. त्यांनी तो आयुष्यभर फोनवर विचारला होता: किती वाजता? त्यात संशय नव्हता, त्यांना फक्त ओळ पुरी करायची होती. मी तिथे खरं सांगायलाच गेले होते. त्यांची बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. आणि इतक्या वर्षांत कधी त्यांच्याशी बोलले नव्हते त्या आमच्या घरच्या बोलीत मी म्हणाले,

"ऑर्डर निघाल्यावर, काका. तवा समजलं मले."

त्यांनी मान हलवली. चेहरा असा सैल झाला की मला वर बघवेना. बायकोकडे वळून म्हणाले, "मी म्हनत होतो ना तुले, जानून कोनी केलं नाई." मग मला म्हणाले, "ऑर्डर निघाल्यावर कोन काय करन, पोरी? तुही काय चुकी त्याच्यात. चा घे."

मला त्यांनी पहिल्यांदा पोरी म्हटलं. चहा झाल्यावर ते मला जाऊ देईनात. जेवूनच जा म्हणाले. त्यांच्या बायकोने सोललेल्या तुरीच्या दाण्यांची आमटी केली, ज्वारीची भाकरी केली, शेजारच्या दोघांना बोलावून 'या आमच्या ऑफिसातल्या मॅडम, सोता आल्या सांगाले' म्हणून माझी ओळख करून दिली. मी पोटभर जेवले. निघताना काकांनी विचारलं की मी चिठ्ठी दिली ती तारीख आठवते का. मी सांगितली, ती खरी होती. आत जाऊन त्यांनी आपली वही आणली, ती तारीख लिहिली, आणि तिच्यापुढे माझ्या समोरच एक ओळ लिहिली: मॅडमला आदेशानंतर कळले. अक्षर तसंच होतं, छापल्यासारखं.

त्याला तीन वर्षं झाली. दिवाळीला त्यांचा फोन येतो, मी उचलते, 'काय करून राह्यली' म्हणून विचारतात. आदेश निघायच्या दहा दिवस आधी मला सगळं कळलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या वहीत ती एकच नोंद खोटी आहे, आणि ती मी सांगितलेली आहे.